एका दिवसाची शाळा

हिमानीला आईने पहिलीपासून घरीच शिकवलं होतं. आता तिला दहावीची परीक्षा बाहेरून द्यायची होती, म्हणून दोघी शिक्षण कार्यालयात गेल्या.

"शाळा सोडल्याचा दाखला लागेल," कारकून म्हणाले.

"पण ती शाळेत गेलीच नाही."

"मग आधी जाऊ दे की. त्याशिवाय सोडणार कशी?" त्यांनी सहानुभूतीने वाट दाखवली. "कुठल्याही शाळेत नाव घाला आणि दुसऱ्या दिवशी काढून घ्या. नियमात बसतं."

सोमवारी हिमानी आयुष्यात पहिल्यांदा शाळेत गेली. नववीच्या वर्गाला जूनपासून गणिताचे सरच नव्हते. शेजारच्या मुलीला एक समीकरण सुटेना, ते हिमानीने समजावलं. मग मागच्या बाकांवरची मुलं पुढे सरकली. तिसऱ्या तासाला ती फळ्यापाशी उभी होती आणि अख्खा वर्ग वहीत उतरवून घेत होता.

"आई, मला अजून थोडे दिवस जायचंय," घरी येताच ती म्हणाली.

"फॉर्मची मुदत उद्या संपतेय गं," आई हळूच म्हणाली.

मंगळवारी मुख्याध्यापकांनी दाखला लिहायला घेतला. प्रगती उत्तम, वर्तणूक चांगली. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी मात्र त्यांचं पेन अडलं. नववीच्या वर्गातला गोंधळ त्यांनी क्षणभर ऐकला आणि मग वळणदार अक्षरात लिहिलं, 'शिक्षणासाठी.'