सावद्याचा ठिपका

माझ्या शिकवणीतल्या पृथ्वीगोलावर आमचं सावदा गाव छापलेलं नव्हतं, म्हणून लहानग्या हिनाने शाईने ठिपका दिला होता. तिचे वडील केळी खोक्यांत भरायचे. खोकी ज्या देशाला निघतील, तिथपर्यंत ती ठिपक्यापासून बोट फिरवायची. बोटाने ठिपका पुसला जायचा, ती पुन्हा काढायची. आता ती दिल्लीच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकते. आज तिचा फोन आला. “नाना, या ईदलाही जमणार नाही. प्रबंध लिहितेय, इराणवर.” “अगं, इराणला तर तू सातव्या वर्षीच पोहोचली होतीस!” हसून हळूच म्हणाली, “आपला ठिपका पुसला असेल ना?” मी गोलाकडे पाहिलं. शिकवणी बंद झाल्यापासून बोट न लागलेला ठिपका तसाच होता. “केव्हाच पुसला,” मी म्हणालो, “तुझ्याशिवाय कोण काढणार?” “मग ईदला येतेच, नाना!” फोन ठेवला, अंगठा ओला केला आणि ठिपका चोळू लागलो.