अंगलटीला शोभेल असं

शेजारच्या दुकानात चोर बंदूक घेऊन शिरले, तेव्हा अमेरिकेत मॉरिसव्हिलला पेट्रोल पंपावरच्या, म्हणजे तिथल्या गॅस स्टेशनवरच्या, आपल्या दुकानात दिवसभर एकट्याने बसणाऱ्या मनोहरनेही रीतसर बंदुकीचा परवाना काढला. बंदुकांच्या दुकानदाराने त्याला आपादमस्तक न्याहाळून आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. "हे पोटाखाली पट्ट्यात खोचा. तुमच्या अंगलटीत कुणाच्या बापाला दिसणार नाही!"

"बघ, माझ्या पोटाचं कौतुक करणारा कुणीतरी भेटला," मनोहर बायकोला, शैलजाला म्हणाला.

"नागपूरहून आई येतायत. त्यांना या बंदुकीचं कळलं ना, तर दुकान विकायला लावून परत नेतील तुम्हाला," तिने बजावलं.

आई आली त्या दिवशी तो दुकानातून तसाच धावत घरी आला आणि नमस्काराला वाकला. रिव्हॉल्व्हरची मूठ पोटात रुतली आणि बिचारा अर्ध्यातच अडकला.

"काय रे बापा, आईच्या पायापर्यंत वाकवत नाही तुला?" म्हणत आईने त्याला पोटाशी धरलं. "शैलजा, उद्यापासून याचा भात बंद, तूप बंद!"

थोडक्यात निभावलं म्हणून मनोहरने सुस्कारा सोडला.



"दिवाळीपर्यंत पोट उतरवतेच तुझं," आई त्याच्या कानात म्हणाली, "मग बघू, ते पिस्तूल कुठे लपवतोस ते!"