चौथा गडी

शाल्मलीने ऑफिसात पुन्हा विचारलं, "आज तरी 'घाटमाथा' खेळाल? चार जण लागतात."

"तो म्हाताऱ्यांचा ऑनलाइन गेम?" केतकी हसली. "बरं बाई, एकच डाव हं!"

केतकीने आणखी एकीला ओढून आणलं. चौथे अण्णा, शाल्मलीचे वडील. ते जाऊन पाच महिने झाले होते. पण खेळाने त्यांच्या चाली आणि बोलणं शिकून ठेवलं होतं. तीन खेळाडू जमले की चौथे म्हणून ते पडद्यावर यायचे. जिवंत असताना त्यांनी तिला कितीदा बोलावलं होतं. ती एकदाही बसली नव्हती.

तिने नाव लिहिलं. अण्णांनी लगेच आपलं अर्धं धान्य तिच्या गडावर पाठवलं.

"नवीन दिसताय. घाबरू नका," ते म्हणाले. "शाल्मली? माझ्या लेकीचंही हेच नाव. तीही येईल खेळायला, वेळ मिळाला की."