नमुना

बाटली खोकल्याच्या औषधाची होती. नागोरावांनी ती घरीच उकळत्या पाण्यानं विसळून भरून आणली होती आणि ऊब राहावी म्हणून सकाळपासून काखेत धरली होती. कंपनीच्या संडासाची कडी लावून त्यांनी ती प्लास्टिकच्या कपात ओतली, नळ उगाच सोडला, दोनदा खोकले आणि कप घेऊन बाहेर आले.

बाटलीत त्यांच्या बायकोची, चंद्रभागेची लघवी होती.

हा कारखाना विजेच्या स्विचमधले कॉन्टॅक्ट बनवतो. बटण दाबल्यावर धातूच्या ज्या दोन टिकल्या एकमेकींना टेकतात आणि दिवा लागतो, त्या टिकल्या. चांदीच्या असतात. नुसती चांदी ठिणगीनं वितळून चिकटते म्हणून तिच्यात कॅडमियम घालतात. दोन्हींची पावडर जिथे मिसळतात त्या खोलीत नागोराव नऊ वर्षं कंत्राटावर होते. चांदी आहे म्हणून सुट्टी झाली की गेटवर सगळ्यांचे खिसे उलटे करून बघतात. कॅडमियम कुणी चोरत नाही, त्यामुळे त्याची झडती नसते. ते मूत्रपिंड खातं आणि हाडं पोखरतं, एवढंच. म्हणून सहा महिन्यांनी तपासणी, आणि जो नापास होईल त्याला कंपनी म्हणते, "आराम करा." त्याच खोलीतला सुखदेव गेल्या दिवाळीपासून आराम करतोय. हिंजवडीत एका सोसायटीच्या गेटवर, बारा तास उभा राहून.

लेकीचं, पायलचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. ते होईपर्यंत तरी नागोरावांना पास व्हायचं होतं. चंद्रभागा कारखान्याच्या दारातसुद्धा कधी आली नव्हती. तिच्याइतका स्वच्छ नमुना कुणाचा असणार? "माझ्या हातचा डबा नेता, आता हे बी न्या," म्हणून ती सकाळी हसली होती.

डॉक्टर अपूर्वांनी नमुना काचेच्या नळीत घेतला आणि वर अ‍ॅसिडचे चार थेंब सोडले. स्वच्छ राहिला तर पास; गढूळ झाला तर मूत्रपिंडातून प्रथिनं गळतायत. नळीतलं पाणी पांढरं झालं, दूध नासावं तसं.

दारात यादी घेऊन उभा असलेला सुपरवायझर संतोष नापास लिहायला पेन उघडून पुढे सरकला.

"अहो थांबा जरा. पेन वाळतंय का तुमचं?" डॉक्टर म्हणाल्या आणि नागोरावांकडे वळल्या. "काका, संध्याकाळी पाय सुजतात का?"

"नाय मॅडम," म्हणता म्हणता नागोराव थांबले. सुजत होते. पण त्यांचे नाही.

"आणि जिना चढताना? मांड्यांची, कंबरेची हाडं दुखतात?"

चंद्रभागा वर्षभर कठडा धरून जिना चढत होती. म्हातारे, तुला लिफ्ट बसवून देऊ का, म्हणून नागोराव तिला चिडवायचे.

"सांगा की. दुखतात?"

"दुखत असतील."

"असतील? हाडं तुमची आहेत का शेजाऱ्यांची?"

डॉक्टरांनी वाकून नागोरावांच्या घोट्यांवर अंगठा दाबून पाहिला. सूज नव्हती. "कप खराब असेल. पाणी प्या, पंधरा मिनिटं बसा आणि पुन्हा नमुना द्या."

या वेळी बाटली नव्हती. नऊ वर्षांची पावडर अंगात घेऊन नागोराव आत गेले आणि निकाल लागलाच असं समजून कप घेऊन आले. डॉक्टरांनी नवी नळी घेतली. चार थेंब पडले. पाणी होतं तसंच राहिलं. डॉक्टरांनी नळी खिडकीच्या उजेडात धरून हलवली, तरीही तसंच.

"ठणठणीत आहात. मास्क लावता ना? लावत जा असाच. संतोष, पास."

संतोषनं खूण केली. नागोरावांना हायसं वाटलं. खरंच वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची शरम वाटली.

डॉक्टरांनी पहिली नळी उचलून बेसिनवर धरली.

"मॅडम, ती ओतू नका."

"का हो? घरी न्यायचीय?"

संतोष अजून दारातच होता. त्याच्यासमोर बोललं की आताच झालेली खूण खोडली जाणार, हे नागोरावांना कळत होतं. ते उठून उभे राहिले.

"ती खरी हाय मॅडम. माझी नाय. आमच्या घरच्यांची हाय, चंद्रभागेची. मीच आणली होती चोरून."

संतोष यादीतून वर बघू लागला. डॉक्टरांनी नळी परत स्टँडमध्ये ठेवली. त्या रागावतील असं नागोरावांना वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत.

"त्याही असल्याच कारखान्यात आहेत का?"

"नाय हो. ती घरीच असते. कुठं जात नाय, येत नाय."

"मग ही पावडर त्यांच्यापर्यंत..." डॉक्टर बोलता बोलता थांबल्या. नागोरावांच्या शर्टाच्या कॉलरची घडी त्यांनी दोन बोटांनी उलटून पाहिली. रोजच्या धुण्यातूनही शिवणीत राखाडी रेघ राहिली होती.

"काका, कपडे कोण धुतं तुमचे?"

"तीच धुते." नागोरावांनी कॉलरच्या शिवणीवर बोट फिरवलं. "पण आधी झटकून घेते मॅडम. रोज. मोरीचं दार आतून लावून. पोरीच्या नाकात धूळ जायला नको म्हणून."