कोरडे बूट

शेताला खत टाकून पाणी दिलं की मातीतून नायट्रस ऑक्साइड उसळतो आणि हवा तापवतो. तो कुठे किती निघतो याची दोन वर्षं मोजणी झाली. डेन्मार्कात बिर्गिटने केली, नाईलच्या मुखाशी डॉक्टर इनासने. इजिप्तचा आकडा निम्म्याहून कमी आला. इनासच्या खात्याच्या साहेबांनी लगेच जाहीर केलं, "युरियावर बंधनं घालायची तर डेन्मार्कला घाला!"

अहवाल हाती येताच इनास बस्बूसाचा, म्हणजे रव्याच्या मिठाईचा, डबा घेऊन मेतवल्लीकाकांकडे गेली. तिची मोजणी त्यांच्याच मक्यात चालायची.

"काका, तुमच्या मातीनं देशाचं नाव काढलं!"

"मग आम्हीही काही कमी नाही केलं, डॉक्टरबाई." काकांनी चहाचा पेला पुढे केला. "तुम्ही यायच्या असलात की दोन दिवस आधीपासून युरियाच्या गोणीला हात लावायचा नाही. पाटाला पाणी आलं तरी अडवून धरायचं. तुमची गाडी पुलापलीकडे गेली, की मग खत आणि पाणी."

बस्बूसाचा तुकडा इनासच्या हातातच राहिला. "दर वेळी? पण का, काका?"

"का म्हणजे? पाहुणीला चिखल तुडवायला लावला असता, तर गावानं तोंडात शेण घातलं असतं आमच्या!"

त्यांनी अहवाल उचलला. मुखपृष्ठावर दोघींचा फोटो होता. इनासचे बूट लखलखीत, बिर्गिट मात्र गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली.

काका हळहळले. "हिला बिचारीला तिथं कुणी विचारत नाही वाटतं."