फाउल

गल्लीतल्या बायका ओल्या गोधड्या घेऊनच प्रभागसभेला आल्या. नवा रस्ता उंच झाल्यानं गटाराचं पाणी घरांत शिरलं होतं.

"चूक कुणाची?" त्यांच्यातल्या पार्वताक्कांनी विचारलं.

रस्ता उंच करायचा हट्ट नव्या नगरसेवकाचाच होता. "ठेकेदाराचं नाव घ्या," पक्षाचे शहराध्यक्ष कानाशी पुटपुटले.

पण उमेदीची वर्षं त्यानं बास्केटबॉल खेळून पोट भरलं होतं. तिथे फाउल झाला की ज्यानं केला त्यानं हात उंचावून कबूल करायचा. डोकं चालायच्या आत त्याचा लांबलचक हात पंख्याजवळ पोचला.

"पंख्यात जाईल तो, खाली घ्या," आक्का म्हणाल्या. "आणि गटार कधी दुरुस्त करताय ते बोला."

त्याच्या जिवात जीव आला. फाउल लागला होता, पण मैदानाबाहेर कुणी काढलं नव्हतं.