आजचा पाळणा

“मॅडम, तुमच्या पॅकेजमध्ये नवीन सोयी आल्यात,” फोनवरची मुलगी म्हणाली. “व्हिडिओ टाकला की पाच मिनिटांत तीनशे लाइक, तेही आपोआप. आणि मराठी कॉमेंट आता आणखी घरच्यासारख्या वाटतील.”

“कसलं पॅकेज?”

“श्रीरंग सरांनी वर्षापूर्वी घेतलंय ना, तुमच्या गाण्यांसाठी. नंबर तुमचाच दिलाय त्यांनी.”

श्रीरंग माझा मुलगा. तो बंगळुरूला गेल्यापासून मी रोज सकाळी एक पाळणा म्हणते आणि मोबाइलवरून टाकते. टाकायचं कसं, ते त्यानेच शिकवलं. ‘काकू, तुमचा पाळणा ऐकून बाळ लगेच झोपलं,’ असं एक वैदेही नेहमी लिहायची. मी वेडी तिला विचारत बसायचे, बाळाला दात आले का, वरचं खायला लागलं का. तिचं उत्तर कधी आलं नाही. मला वाटायचं, लेकुरवाळी बाई, तिला वेळ कुठला!

फोन ठेवला आणि तशीच कॅमेऱ्यासमोर बसले. ओठ घट्ट मिटून चांगली दोन मिनिटं बसले, आणि तोच व्हिडिओ टाकून दिला.

पाच मिनिटांत तीनशे लाइक पडले. वैदेहीचं बाळही लगेच झोपलं. विकतची माणसं ती, त्यांच्यावर काय रागवायचं!

मग श्रीरंगचा मेसेज आला. “आई, आजचा पाळणा सगळ्यात गोड झालाय!”